खांदा धरलाय, म्हणजे नक्की काय झालंय?

आमच्या घरात खांद्याचं दुखणं दोनदा आलं. आधी बाबांना, 2009 च्या पावसाळ्यात. मग दहा वर्षांनी मला. दोन्ही वेळेला शेजारीपाजारी, आत्या, काका, सगळ्यांचं निदान एकच, "खांदा धरलाय!" आणि उपायही एकच : तेल लावा, दाराला कप्पी टांगून दोरी ओढा. मला तो बऱ्यापैकी मानवला. बाबांचे मात्र त्यात तीन महिने गेले, आणि ते काही परत मिळाले नाहीत.

बाबा तारापूर एमआयडीसीतल्या एका कापड कारखान्यातून रिटायर झालेले. डहाणूपर्यंत लोकल 2013 साली आली, त्याआधी आमची सगळी भिस्त विरार शटलवर. ती पकडायच्या घाईत बोईसर स्टेशनच्या ओल्या जिन्यावरून ते घसरले आणि उजव्या हातावर पडले. एक्स-रेमध्ये हाड शाबूत, म्हणून आम्ही निर्धास्त. पण हात वर जाईना, आणि रात्री त्या कुशीवर झोपता येईना. एका दवाखान्यातल्या चिठ्ठीवर लिहून मिळालं, "पी. ए. शोल्डर". कप्पी मीच आणली, आणि "बाबा, आळस करू नका" असं रोज म्हणणारीही मीच.

या "पी. ए."चा शोध मी नंतर घेतला. 1872 साली पॅरिसच्या द्युप्ले नावाच्या सर्जननी दुखऱ्या, आखडलेल्या खांद्याला एक नाव दिलं. त्याचं इंग्रजी रूप पेरिआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याच्या आजूबाजूची सूज. पुढे झालं असं की खांद्याचं जे दुखणं कळेना ते या एका पोतडीत जाऊ लागलं. ती पोतडी फिरत फिरत सव्वाशेहून जास्त वर्षांनी बोईसरच्या एका चिठ्ठीत उतरली!

गंमत म्हणजे वेगवेगळे कप्पे करण्याची दृष्टी आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत निखळलेला खांदा हाडं मोडण्याच्या प्रकरणात येतो. काखेत मुसळ घालून तो वर उचलायचा आणि स्वस्तिकाच्या आकारात पट्टी बांधायची असं सांगितलंय. खांदा आखडून हात लुळावतो तो 'अवबाहुक' मात्र वेगळ्या प्रकरणात, वातव्याधीत. म्हणजे निखळणं वेगळं आणि आखडणं वेगळं, हे तेव्हाही ठाऊक होतं.

तिसरा प्रकार ओळखायला मात्र फार उशीर लागला. खांद्याच्या गोळ्यावर चार स्नायूंच्या कंडरांची टोपी असते, तिला रोटेटर कफ म्हणतात. ती फाटू शकते हे 1834 साली लंडनच्या स्मिथ यांनी लिहिलं, पण ते शवविच्छेदनात पाहून. बोस्टनच्या कॉडमन यांनी 1909 मध्ये जिवंत माणसाच्या खांद्यातली फाटलेली कंडरा शिवली. 1934 साली त्यांनी खांद्यावर आख्खा ग्रंथ पदरमोड करून छापला. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव त्यांचंच. म्हणजे पोतडी उघडून आखडलेला आणि फाटलेला हे दोन कप्पे त्यांनी वेगळे मांडले. प्रत्येक रुग्णाला वर्षभराने परत तपासून उपचाराचा खरोखर उपयोग झाला का हे नोंदवायचं, असाही त्यांचा हट्ट होता. सहकाऱ्यांना तो मुळीच आवडला नाही.

आता बाबांकडे येते. तीन महिन्यांनी एका हाडांच्या डॉक्टरांनी काय केलं? बाबांना म्हणाले, "काका, हात सैल सोडा," आणि स्वतः तो उचलला. हात अगदी कानापर्यंत गेला! सोडल्याबरोबर धपकन खाली. सांधा मोकळा, पण उचलणारी दोरी तुटलेली. विरारला एमआरआय केला, कफ फाटलेलाच निघाला. फाटलेलं टोक दिवसेंदिवस मागे सरकतं आणि स्नायू वाळत जातो, त्यामुळे शिवायची संधी हुकली होती. उरलेल्या स्नायूंच्या व्यायामाने बाबा जेवणखाण, सही, सगळं करू लागले. फळीवरची बरणी मात्र पुढे नेहमी मलाच काढून द्यावी लागली. कप्पीबद्दल त्यांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

2019 मध्ये माझी पाळी आली. पडणं नाही, झडणं नाही. वेणी घालता येईना, मागचा हूक लावता येईना. बाबांचं आठवून मी घाबरले. याही डॉक्टरांनी तोच प्रयोग केला, पण माझा हात त्यांनी उचलूनही वर जाईना, कोपर कमरेशी ठेवून बाहेरही वळेना. हा खरा धरलेला खांदा. मला मधुमेह आहे, आणि मधुमेहींना हा जास्त होतो. साखरेवर लक्ष ठेवून एक इंजेक्शन, शेक, आणि सोसेल इतकाच व्यायाम. दीड वर्ष लागलं, पण सुटला.

तर मंडळी, माझ्यापुरता हिशोब असा. मार लागून खांद्याचा गोल आकार गेला, हात हलवताच येईना, तर तो निखळलेला असू शकतो. घरी ओढू नका, मुसळही नको. सोबत हाड मोडलेलं असू शकतं, ओढताना नस दुखावते. हात झोळीत बांधा आणि तडक हॉस्पिटल गाठा. चाळिशीनंतर पडल्यावर हात उचलण्याची ताकदच गेली, तर एक्स-रे चांगला आला तरी कफची तपासणी मागा, पहिल्या काही आठवड्यांतच. हळूहळू आखडला आणि दुसऱ्याने उचलूनही जात नाही, तर धीर धरा आणि साखर तपासा. मुंग्या मानेपासून बोटांपर्यंत जात असतील तर दुखणं मानेचं असू शकतं. आणि खांद्याबरोबर छाती भरून आली, घाम फुटला, तर खांद्याचा विचार सोडून आधी हृदयाचे डॉक्टर!

ती कप्पी अजून माळ्यावर आहे. परवा आत्याने फोनवर मागितली, तिचाही "खांदा धरलाय" म्हणे. मी म्हटलं, "देते, पण आधी सांग आत्या, दुसऱ्याने उचलला तर हात वर जातो का?"