नवापूरचा समुद्र आणि एक समाज परिषद



समाजाची परिषद म्हटली की वधू-वर मेळावा आणि गुणवंतांचा सत्कार एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. (त्यात वाईट काही नाही, आपली स्मरणिकाही त्याच जातकुळीची.) परंतु आपल्याच पालघर जिल्ह्यात अशा एका परिषदेने समुद्राची फिर्याद मांडली, तो इतिहास आपणांस ठाऊक असावयास हवा.

तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले. त्यानंतर बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने आले. त्या पगारावर आपल्यापैकी कित्येकांच्या चुली पेटतात, हे विसरून चालणार नाही. सांडपाणी मात्र सामुदायिक प्रक्रिया केंद्रातून नळाने नवापूरच्या समुद्रात सोडले जाई. केंद्राची क्षमता तेव्हा दिवसाला अडीच कोटी लिटर होती. येणारे पाणी त्याहून जास्त. अशा केंद्रात सूक्ष्म जंतू घाण खातात, पण त्यांना वेळ लागतो. पाण्याचा लोंढा आणि तीव्र रसायने एकदम आली की जंतू मरतात व घाण पुढे जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले. परीक्षेच्या उलट, येथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण!

नवापूर, दांडी, उच्छेळी, मुरबे, सातपाटी येथील कितीतरी घरांचे पोट मासळीवर. एकट्या नाखव्याने तक्रार केली तर प्रश्न येणार, "जाळे रिकामे आले ते नेमके कोणत्या कारखान्यामुळे?" याचे उत्तर त्याने कोठून द्यावे? २०१० च्या राष्ट्रीय हरित लवादाच्या कायद्याने येथे वाट करून दिली. नुकसान झालेल्या माणसाबरोबर प्रातिनिधिक संस्थेलाही अर्ज करता येतो. २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने तो केला. मग शोध घेण्याचे ओझे एकट्या कोळ्यावर राहिले नाही. लवादाने तज्ज्ञांची समिती नेमली व नुकसानीचा हिशेब मांडून घेतला. माझ्या मते, संस्थेला मिळालेली खरी मदत ती हीच, देणगीपेक्षा मोठी.

जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखाने आणि ते सामुदायिक केंद्र यांच्यावर मिळून सुमारे १८६ कोटी रुपयांची भरपाई लावली. अर्जापासून निकालापर्यंत सहा वर्षे गेली. एवढा काळ परिषद टिकली, कारण तिच्यामागे गावोगावचे लोक होते. भरपाईचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तेथेही मांगेला समाज परिषदेला पक्षकार म्हणून उभे राहावे लागले.