गुण औषधाचा की शरीराचा?

पावसाळ्यात धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात बांधावर भुईआवळी उगवते. तिच्या पानांखाली आवळ्यासारखी बारीक फळे लगडलेली असतात. काविळीवर ती देण्याची चाल जुनी आहे आणि रोगी बहुधा बरा होतो. पण हा गुण भुईआवळीचा की त्याच्या शरीराचा?

‘ब’ प्रकारच्या काविळीचे उदाहरण घेऊ. या विषाणूची लागण प्रौढपणी झाली, तर १०० पैकी सुमारे ९५ जणांचे शरीर त्याला आपोआप हुसकावते. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांपैकी मात्र सुमारे ९० टक्के बाळांत तो ठाण मांडून बसतो. पुढे त्यातून यकृत निबर होण्याचा किंवा यकृताच्या कर्करोगाचा धोका असतो. औषधाची खरी परीक्षा अशा जुनाट रोग्यांवरच होते.

अशी एक परीक्षा मद्रासला झाली. एस. पी. त्यागराजन आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या विषाणूचा पृष्ठ-प्रतिजन शोधून १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे बरूच ब्लुमबर्गही त्यांच्यात होते. ७८ वाहकांना ३० दिवस भुईआवळीची पूड किंवा औषध नसलेली पूड दिली. भुईआवळी घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून प्रतिजन नाहीसा झाला. दुसऱ्या गटात २३ पैकी एकाच्याच. मोठी आशा निर्माण झाली. चाणाक्ष विद्यार्थी मात्र विचारील, ३७ आणि २३ मिळून ६०. उरलेले १८ कोठे गेले?

१९९० साली थायलंडमधील चाचणीत हे यश मिळाले नाही. पुढील चाचण्या एकत्र तपासूनही खात्रीचा पुरावा हाती आला नाही.

त्याच सुमारास इंटरफेरॉन हे औषध आले. १९९३ साली अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब झाला. विषाणूची जोमदार वाढ दाखवणारा ‘ई’ प्रतिजन उपचार घेतलेल्या ३३ टक्के रोग्यांत नाहीसा झाला होता. उपचार न घेतलेल्यांतही १२ टक्क्यांत! तुलनेचा गट नसता, तर हे १२ टक्केही औषधाच्या खात्यावर जमा झाले असते.

मग गुण कोणाला येईल, हे आधी ओळखता येते का? काही प्रमाणात येते. यकृताच्या पेशींना इजा झाली की एएलटी हे विकर रक्तात उतरते. ते वाढलेले आणि विषाणूंची संख्या कमी असेल, तर शरीराची प्रतिकारशक्ती आधीच लढते आहे असे समजावे. इंटरफेरॉन तिलाच बळ देते. म्हणून अशा रोग्यांत यशाची शक्यता जास्त. विषाणूच्या जातीचाही संबंध आहे. भारतात ‘ए’ आणि ‘डी’ या जाती आढळतात. त्यांपैकी ‘ए’ इंटरफेरॉनला अधिक दाद देते.

आजचे टेनोफोविर बहुतेकांत विषाणूला दाबून ठेवते, पण क्वचितच समूळ घालवते. त्यामुळे आता प्रश्न बदलला आहे: गोळी कोणाला थांबवता येईल?

भुईआवळीला आम्ही नावे ठेवत नाही. डोळ्यांचा पिवळेपणा गेला म्हणजे विषाणू गेला, असे मात्र नाही. म्हणून काविळीनंतर रक्ततपासणी आणि बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस, या दोन गोष्टी वर्गात आवर्जून सांगाव्यात.