कोबीच्या पानातील नाताळ

राष्ट्रांचा इतिहास राजवाड्यांत व रणांगणांवर घडतो, असे शालेय पुस्तके आपणांस शिकवितात. परंतु एखाद्या समाजाने टंचाई, युद्ध व परकीय सत्ता यांतून आपला संसार आणि आपली श्रद्धा कशी तारून नेली, हे समजून घ्यावयाचे असेल तर त्याच्या चुलीपाशीही जाऊन बसावे लागते. पोलंड या कॅथलिक देशातील एका साध्या पदार्थाची कथा आम्ही येथे मांडीत आहोत. सणाच्या खर्चाचा मेळ घालताना आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनाही ती काही सांगू शकेल, असे आम्हांस वाटते.

या पदार्थाचे नाव ‘गोवोंपकी’. पोलिश भाषेत ‘गोवोंब’ म्हणजे कबूतर. त्यावरून गोवोंपकी म्हणजे लहानगी कबुतरे. कोबीच्या उकडलेल्या पानात सारण भरून केलेली गुंडाळी ताटात पंख मिटून बसलेल्या पाखरासारखी दिसते, म्हणून हे नाव. शेजारच्या युक्रेनमध्ये तिला ‘होलुब्त्सी’ म्हणतात, अर्थ तोच. दक्षिणेकडील क्रोएशिया, सर्बिया या देशांत तिचे नाव ‘सार्मा’ आहे, आणि ते ‘गुंडाळणे’ या अर्थाच्या तुर्की धातूपासून आले आहे. ओटोमन साम्राज्याची सत्ता जेथे पसरली, तेथे पानात सारण गुंडाळण्याची रीतही स्थिरावली. पोलिश लोक मात्र आपल्या पदार्थाचा संबंध आपल्या राजाशी जोडतात. पंधराव्या शतकात ट्यूटॉनिक सरदारांशी झालेल्या तेरा वर्षांच्या युद्धात राजा चौथा कासिमिर याने माल्बोर्कच्या लढाईपूर्वी आपल्या सैन्यास गोवोंपकी खाऊ घातली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेस पुरावा मागू नये. गरिबाच्या ताटातील अन्नाला राजाचा हात लागावा ही लोकांची इच्छा तीतून दिसते.

कोबी हे थंड प्रदेशातील गरिबाचे पीक. हिवाळा दीर्घ, जमीन गोठलेली. अशा वेळी तळघरात साठविलेला किंवा मिठात आंबविलेला कोबी घराला वसंतापर्यंत पुरत असे. त्याच्या पानात आज तांदूळ व खिमा भरतात. परंतु तांदूळ हे तेथे परदेशातून आणावे लागणारे धान्य. त्यामुळे जुन्या खेड्यांतील सारण कुट्टूचे, जवाचे किंवा किसलेल्या बटाट्याचे असे. मांस घातलेच तर थोडे, चवीपुरते.

या पदार्थाला घडविण्यात दारिद्र्याबरोबर ख्रिस्तसभेच्या शिस्तीचाही वाटा आहे. १९१७ सालच्या धर्मविधिसंहितेनुसार नाताळच्या आदल्या दिवशी उपवास व मांसवर्जन बंधनकारक होते. पोप सहावे पॉल यांच्या १९६६ च्या आज्ञापत्राने तो दिवस सार्वत्रिक नियमातून वगळला. तरीही पोलंडमधील असंख्य कुटुंबे आजही तो पाळतात. आकाशात पहिला तारा दिसला की ‘विगीलिया’चे भोजन सुरू होते. गव्हाणीच्या स्मरणार्थ मेजावरील कापडाखाली गवताच्या काड्या पसरतात. ‘ओप्वातेक’ नावाची पातळ पापडी एकमेकांत मोडून वाटतात, शुभेच्छा देतात आणि क्षमा मागतात. मग बारा बिनमांसाचे पदार्थ येतात. त्यांत कित्येक घरी कुट्टू आणि वाळविलेली अळंबी भरलेली गोवोंपकी असते. उपवासाला धान्य, सणाला मांस. पान व हातखंडा मात्र एकच. शिवाय अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी मेजावर एक ताट रिकामे मांडून ठेवतात.

त्या रिकाम्या ताटाचा अर्थ पोलिश लोकांना परमुलखात उमगला. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून व सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून त्यांचा देश व्यापला. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व भागातील कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत भरून सायबेरियात व मध्य आशियात पाठविली गेली. थंडी, भूक व रोगराई यांनी अनेकांचा अंत झाला. १९४१ च्या करारानंतर सुटलेले लोक १९४२ मध्ये इराणला पोहोचले आणि त्यांतील काही हजार स्त्रिया व मुले पुढे भारतात आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला. आपल्या कोल्हापूरजवळील वळीवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तेथे त्यांनी आपले मंदिर उभारले, शाळा चालविल्या, आपल्या भाषेत प्रार्थना केली. अवचित आलेल्या पाहुण्याचे ताट पंचगंगेच्या काठी त्यांच्यासाठी मांडले गेले. पुढे फाळणीनंतर निराधार झालेल्या सिंधी बांधवांना त्याच जागी आसरा मिळाला. तेच आजचे गांधीनगर.

पोलंडमध्येही टंचाई संपली नव्हती. साम्यवादी राजवटीत १९८१ साली मांस शिधापत्रिकेवर आले आणि ती पद्धत १९८९ पर्यंत टिकली. १३ डिसेंबर १९८१ रोजी तेथे लष्करी कायदा पुकारला गेला. त्या नाताळच्या पूर्वसंध्येस पोप दुसरे जॉन पॉल यांनी आपल्या देशबांधवांसाठी व्हॅटिकनमधील खिडकीत मेणबत्ती लावून ठेवली. इकडे गृहिणी रांगेत तासन् तास उभ्या राहून मिळेल ते घरी आणीत होत्या. मोजून मिळालेल्या मांसाचा सण करावयाचा, तर त्यात धान्य मिसळून पानात गुंडाळणे यासारखा उपाय नव्हता.

ही रीत आपल्या घरीही सहज साधते. कोबीचा मोठा गड्डा घ्यावा, देठाकडील गाभा कोरून काढावा आणि तो उकळत्या पाण्यात ठेवून मऊ होतील तशी पाने सोडवावीत. पानाची जाड शीर सुरीने तासावी, म्हणजे गुंडाळी मोडत नाही. अर्धा किलो डुकराचा वा अन्य खिमा, एक वाटी तांदळाचा अर्धा कच्चा भात, दोन परतलेले कांदे, मीठ व मिरपूड एकत्र मळावी. पानावर मूठभर सारण ठेवून दोन्ही कडा आत दुमडाव्यात व घट्ट गुंडाळावे. फाटकी पाने भांड्याच्या तळाशी अंथरून त्यांवर गुंडाळ्या दाटीने रचाव्यात, टोमॅटोचा पातळ रस ओतावा व झाकण ठेवून मंद आचेवर तास-सव्वा तास शिजवावे. पंधरा-सोळा गुंडाळ्या होतात. जो खिमा एरवी तिघाचौघांनाच पुरला असता, तो सहा माणसांना पोटभर होतो. फाटके पानही वाया जात नाही. शुक्रवारी खिम्याऐवजी उकडलेला बटाटा व अळंबी घालावी. अळूवडी करणाऱ्या आपल्या भगिनींना ही गुंडाळी शिकवावी लागणार नाही.

आज बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसाद, लग्न अशा पवित्र प्रसंगी पंक्तीसाठी कर्ज काढणारी कुटुंबे आपल्याकडे आहेत. लोक काय म्हणतील या भयापोटी ते कर्ज वर्षानुवर्षे फेडले जाते. ज्यांचे मांस शिध्यावर मोजले गेले, ज्यांचे घर मालगाडीत हरपले, त्यांनी सणाचा मान राखला तो पापडीचा तुकडा वाटून, आदल्या दिवसाचा उपवास पाळून आणि पाहुण्यासाठी ताट मांडून. प्रभू येशूनेही पाच भाकरींवर हजारोंना तृप्त केले आणि उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले. येत्या नाताळात कर्जाविना, घरी असेल त्यात स्वयंपाक करावा, आणि एक ताट अधिक मांडावे. वस्तीवर नव्याने आलेला मजूर, एकटी राहणारी वृद्ध माउली, कोणी ना कोणी त्यावर बसावयास आपल्या धर्मग्रामात खचितच सापडेल.