इटलीतील पाट आणि परभणीचा पाहुणा

पाहुणा कोणत्या दाराने आत येतो, यावर त्याला घर किती दिसणार हे ठरते. सरकारी पाहुण्याला दिवाणखाना दिसतो, शिपायाला अंगण दिसते, आणि पानावर बसलेल्या पाहुण्याला चूल दिसते. इटलीला गेलेल्या हिंदी माणसांचा इतिहास चाळताना हे मला वारंवार जाणवले. मराठी वाचकाची त्या देशाशी ओळख बहुधा पुस्तकांतली. सावरकरांचा मॅझिनी १९०७ साली मराठीत आला, तेव्हापासून इटली म्हटले की आपल्याला स्वातंत्र्यवीर आठवतात. मला मात्र पाट आठवतात. परभणी जिल्ह्यात पाटबंधाऱ्याच्या कामावर माझी नोकरीची वर्षे गेली, आणि त्याच धंद्याच्या निमित्ताने मी काही आठवडे इटलीतील शेतकऱ्यांच्या घरी राहिलो. म्हणून हा इतिहास पाण्याच्या अंगाने सांगतो.

पाणी शिकण्यासाठी हिंदुस्थानातून इटलीला जाणे ही काही आमच्या पिढीची कल्पना नव्हे. कंपनी सरकारच्या काळात रिचर्ड बेअर्ड स्मिथ नावाचा बंगालच्या फौजेतला इंजिनिअर पूर्व यमुना कालव्यावर काम करीत होता. उत्तर इटलीत पाटांचे जाळे शतकानुशतके चालत आले आहे, ते पाहून येण्यासाठी १८५० च्या सुमारास त्याची रवानगी झाली. पीडमाँट आणि लोंबार्डी या प्रांतांतील पाटांवर त्याने लिहिलेला अहवाल १८५२ साली प्रसिद्ध झाला. पुढे कॉलिन स्कॉट मॉन्क्रिफ हा दुसरा इंजिनिअर दक्षिण युरोपचे कालवे पाहून आला. त्याचा ग्रंथ १८६८ चा. दोघेही जाणते, कष्टाळू गृहस्थ होते. पण ते गेले सरकारच्या वतीने, आणि शिकायचे होते तेही सरकारसाठी. दरवाजे कसे बसवावेत, पाणी कसे मोजावे, पट्टी कशी आकारावी, हे त्यांचे प्रश्न होते.

बेअर्ड स्मिथ परतल्यानंतर लवकरच, १८५३ साली, पीडमाँटमध्ये एक गोष्ट घडली. मंत्री काव्हूर याच्या पुढाकाराने सेसिया नदीच्या पश्चिमेकडील शेतकऱ्यांचा एक संघ कायद्याने उभा राहिला आणि सरकारी पाट त्याच्याकडे चालवायला देण्यात आले. शेतकऱ्यांची सभा, सभेने निवडलेले कारभारी आणि तंटे मिटविणारे पंच अशी त्याची रचना. व्हेर्चेल्ली गावी त्या संघाचे ठाणे आहे. पुढे १८६३ ते १८६६ या अवघ्या तीन वर्षांत पो नदीवरून सुमारे ८५ किलोमीटर लांबीचा मोठा कालवा खोदला गेला आणि त्याला दिवंगत काव्हूरचेच नाव दिले. त्याचा आराखडा कार्लो नोए या इंजिनिअरचा. पण असा कालवा होऊ शकतो ही कल्पना प्रथम फ्रांचेस्को रोस्सी या व्हेर्चेल्लीकडच्या एका माणसाने मांडली आणि तिच्यासाठी स्वतः रानोमाळ हिंडून पातळ्या मोजल्या.

आपल्याकडे त्याच काळात कालवे झाले नाहीत असे नाही. गोदावरीच्या मुखाजवळ आर्थर कॉटनने धवलेश्वरमचा बंधारा १८५२ साली पुरा केला होता. पण १८७९ चा मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा पाहिला, तर त्यात पाणी सरकारचे, पाट सरकारचा आणि शेतकरी अर्जदार. निझामाच्या राज्यात, म्हणजे आमच्या परभणीत, रयतेचा शब्द याहून मोठा नव्हता. इटलीतली पाटविद्या आपल्याकडे आली. सभा तिकडेच राहिली.

यानंतर इटलीला गेलेला हिंदी माणूस बंदूक घेऊन गेला. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४५ या काळात चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन तेथे लढल्या. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले. अहमदनगर जिल्ह्याचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून आपल्या जखमी सोबत्यांना पाठीवर वाहून आणले आणि परत फिरून शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीत दिल्या गेलेल्या वीस क्रॉसांपैकी सहा हिंदी सैनिकांचे आहेत. पाच हजारांहून अधिक हिंदी सैनिक त्या भूमीवर कामी आले. फोर्ली गावी त्यांचे स्वतंत्र स्मशान आहे, आणि ज्यांना अग्नी दिला त्यांच्या नावांचे स्मारकही तेथेच आहे. सेनिओचे ते उंच बांध पुरापासून शेते राखण्यासाठी घातलेले होते. आमच्या माणसांनी ते छातीने चढून पाहिले. ते कोण राखतो हे विचारायला त्यांना सवड मिळाली नाही.

तिसरे दार उघडले ते १९६५ साली. रोटरीच्या निधीतून त्या वर्षी ‘ग्रूप स्टडी एक्स्चेंज’ नावाची योजना सुरू झाली. दोन देशांतील दोन विभागांची जोडी जमवायची; एका विभागातून निरनिराळ्या धंद्यांतले चार-सहा तरुण, बरोबर एक अनुभवी पुढारी, असा गट चार ते सहा आठवडे दुसऱ्या विभागात धाडायचा; नंतर तिकडचा गट इकडे यायचा. तरुण हे रोटरीचे सभासद नसावेत असा दंडक होता. आरंभी ही योजना केवळ पुरुषांसाठी होती, पुढे स्त्रियांनाही तिचे दार खुले झाले. प्रवासभाडे निधीतून मिळे. राहणे, जेवणे आणि गावोगाव फिरणे यजमानांच्या अंगावर. म्हणजे हॉटेल नाही. डॉक्टरने डॉक्टरचे काम पाहावे, मास्तराने शाळा पाहावी, आणि रात्री सगळ्यांनी कोणाच्या तरी घरात झोपावे.

ही सोय किती नाजूक आहे हे इटलीचाच इतिहास सांगतो. तेथे पहिला रोटरी क्लब १९२३ साली मिलानला निघाला; १९३८ साली फॅसिस्ट राजवटीत सगळे क्लब मोडीत निघाले, आणि युद्ध संपल्यावर ते पुन्हा उभे राहिले. परक्याला घरात घेऊ नये असे सरकारला वाटू लागले, की पाहुणचाराच्या संस्था आधी बंद पडतात.

नव्वदीच्या दशकात अशा एका गटातून मी गेलो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही आमच्या गावाची ख्याती. गटातले पुण्याकडचे सोबती ती मला रोज ऐकवीत. मे महिना होता. व्हेर्चेल्लीच्या परिसरात त्या दिवसांत भाताच्या वाफ्यांत पाणी भरलेले असते, आणि मोंते रोझाचे बर्फ त्यात उलटे दिसते. माझे यजमान एका ‘काशीना’त राहत, चारी बाजूंनी बंद, मध्ये चौक, एका अंगाला गोठा. आपल्याकडच्या वाड्याची रीत. घरात पती-पत्नी, सात वर्षांचा मुलगा आणि ऐंशीच्या घरातली आजी. मी मांस खात नाही हे कळल्यावर यजमानीणबाईंनी भात आणि राजम्यासारखे दाणे घालून करतात तो ‘पानिस्सा’ माझ्यासाठी मांसावाचून रांधला. आजींनी चव घेऊन तोंड वाकडे केले, आणि मग माझ्याशी सोबत म्हणून तोच खाल्ला.

भाषेची अडचण मुलाने दूर केली. तो बोटे मोजून ‘सेत्ते, ऑत्तो, नोवे’ म्हणे, मी ‘सात, आठ, नऊ’ म्हणे, आणि सगळे घर हसे. हा नवलाचा शोध आमच्या आधी चारशे वर्षे लागला होता. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लोरेन्सचा व्यापारी १५८३ ते १५८८ या काळात कोची-गोव्याकडे होता. संस्कृतातले सहा, सात, आठ, नऊ, तसेच देव आणि सर्प हे शब्द आपल्या भाषेतल्या शब्दांशी जुळतात, असे त्याने घरी पत्रातून कळविले. विल्यम जोन्सने हेच नाते १७८६ साली विद्वानांपुढे मांडले, त्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट.

आजी तरुणपणी ‘मोंदीना’ होत्या. गुडघाभर पाण्यात वाकून भातातले तण काढणाऱ्या बायांना तिकडे हा शब्द आहे. या बायांनी विसाव्या शतकाच्या आरंभी संप करून आठ तासांचा दिवस मिळविला. व्हेर्चेल्लीला त्याची सुरुवात १९०६ साली झाली. पुढे तणनाशके आली आणि तो धंदाच संपला. आमच्याकडे खुरपणीला बाया जातात हे मी सांगितले, तेव्हा आजींनी पहिला प्रश्न केला: किती तास? दिवस मावळेपर्यंत, असे मी म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. नुसता माझा हात दाबला.

आणि एका रात्री जेवताना यजमानांनी संघाच्या सभेची नोटीस दाखविली. पाणीपट्टी, एका दरवाजाची दुरुस्ती, आणि खालच्या अंगाच्या एका शेतकऱ्याची तक्रार, असे विषय होते. तक्रार करणारा त्यांचा शेजारी. त्याचे म्हणणे रास्त आहे की नाही यावर नवरा-बायकोंचा भाकरी मोडता मोडता वाद झाला. मला बोलणे अर्धेही कळले नाही, पण एक गोष्ट स्पष्ट कळली. हा पाट त्यांच्या ताटाशेजारी होता. बेअर्ड स्मिथला दरवाजे मोजायला मिळाले. त्या दरवाजावरून घरात होणारे भांडण ऐकायला त्याला कोणी जेवायला ठेवून घेतले असेल तरच!

योजनेचा उत्तरार्ध पुढच्या हिवाळ्यात झाला. तिकडचा गट मराठवाड्यात आला, आणि त्यातला एक तरुण शेतीतज्ज्ञ दोन रात्री आमच्या घरी राहिला. आईने आधी शेजारणीला विचारून खुर्च्या मागविल्या. त्याला खाली पाटावरच बसायचे होते, तेव्हा त्या परत गेल्या. ज्वारी हुरड्यात होती. गोवऱ्यांवर भाजलेली कणसे तळहातावर चोळून खाताना तो म्हणाला, की आपल्या प्रांतात धान्य इतके ताजे कोणी खात नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पाटावर नेले. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ साली ते पुरे झाले, आणि त्याचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा औरंगाबाद, जालना करीत परभणीत येतो. येतो म्हणजे खोदलेला तरी आहे. पाणी नेहमी येते असे नाही. वरच्या अंगाला उपसा, मध्ये गळती, आणि शेवटाला आम्ही. मी पाहुण्याला कालव्याचे तोंड दाखवू शकलो असतो. ते देखणे आहे. शेवटची चारी दाखविली. तिच्यात बाभळी उगवल्या होत्या.

तेथे एक म्हातारे शेतकरी होते. ते मला म्हणाले, “साहेब, त्यांच्याकडं शेवटच्या चारीला पाणी कोण सोडतं, हे इचारा बरं.” मी विचारले. पाहुण्याने सांगितले, की पाणी सोडणारा माणूस शेतकऱ्यांच्या संघाचा पगारी नोकर असतो. मी ते मराठीत सांगितले. म्हाताऱ्यांनी जरा विचार केला. “मंग त्याला काढून बी टाकता येत असंल,” ते म्हणाले.

पाटबंधाऱ्याच्या इतक्या पुस्तकांत मला इतकी नेमकी व्याख्या सापडलेली नाही.

महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी पाणी वाटणे नवे नाही. खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. शेजपाळी हा शब्द आपलाच आहे. २००५ साली सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा झाला. पाणीवापर संस्थेला पाणी मोजून द्यावे आणि आत वाटप तिने करावे, असे त्यात आहे. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर अशा संस्थांनी शेवटच्या शेतापर्यंत पाणी नेऊन दाखविले. त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या कायद्याने खोऱ्यातील धरणांत पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे असे ठरविले; त्याच्या अंमलासाठी मराठवाड्याला उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०१६ साली निकाल मिळाला. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात आज आम्ही व्हेर्चेल्लीपासून फार दूर नाही. दूर आहोत ते अशासाठी, की संस्था कागदावर उभी राहते आणि धरणात पाणी नसले की कागद वाळतो. आणि पाणी असते त्या वर्षीही सभेला शेवटच्या चारीचा माणूस क्वचित बोलावला जातो.

ती अदलाबदलीची योजना २०१३ साली बंद झाली. तिच्या जागी धंदेशिक्षणाचे गट धाडण्याची दुसरी योजना आली. अभ्यासदौरे तर आजही निघतात. अधिकारी जातात, धरणे पाहतात, छायाचित्रे काढतात, रात्री हॉटेलात उतरतात. बेअर्ड स्मिथच्याच दाराने आपण पुन्हा जाऊ लागलो आहोत, आणि त्याच्याइतका मोठा अहवालही लिहीत नाही. माझी सूचना साधी आहे. पुढचा दौरा निघेल तेव्हा त्यात सेलूचा, पाथरीचा किंवा मानवतचा, शेवटच्या चारीवरचा एक तरी शेतकरी असावा. त्याची सोय शेतकऱ्याच्या घरी व्हावी, आणि तेथला शेतकरी पुढच्या हिवाळ्यात त्याच्या घरी हुरड्याला यावा. काय विचारायचे, हे त्याला कोणी शिकवावे लागणार नाही.