हमिंग (ध्वनिवर्धकातील)

ध्वनिवर्धकाच्या स्पीकरमधून गाण्या-बोलण्याखाली सतत येणारा 'घूंऽऽ' असा जाड आवाज. गलबल्यात तो झाकून जातो, शांततेत उघडा पडतो. अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला हजारो लोक मौन श्रद्धांजली वाहतात. अशा वेळी स्पीकर घुमू लागला तर त्या क्षणाचा विचका होतो. भजने, सप्ताह आणि सभांच्या वऱ्हाडात साऊंडवाल्याची खरी परीक्षा इथेच असते.

आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. डायोडच्या ब्रिजमधून गेल्यावर तिची लहर १०० हर्ट्झची होते आणि फिल्टर कंडेन्सर ती दाबतो. १ अँपिअर भाराला ४७०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर साधारण २ व्होल्टची लहर शिल्लक ठेवतो. त्याची क्षमता निम्म्यावर आली की लहर दुप्पट. आतला द्रव उष्णतेने सुकतो आणि तापमान १० अंशांनी वाढले की कंडेन्सरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तिथे टिनाखाली ठेवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा कंडेन्सर लवकर फुगतो यात नवल नाही.

दोष शोधताना आधी सगळ्या इनपुट पिना काढून व्हॉल्यूम शून्यावर आणावा. तरी घुमत असेल तर सप्लाय किंवा आउटपुटचा भाग तपासावा. व्हॉल्यूमबरोबर आवाज कमी-जास्त होत असेल तर तो आधीच्या टप्प्यातून येतो. मग माइकच्या वायरीचे तुटलेले शील्ड पाहावे. बॅटरीवरही चालणारा सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून पाहिला की निम्मे उत्तर तिथेच मिळते. बंद केलेल्या सेटच्या कंडेन्सरमध्येही चार्ज उरतो, म्हणून रेझिस्टरमधून तो उतरवल्याशिवाय आत हात घालू नये.

मिक्सर एका बोर्डावर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर असला की दोन अर्थिंगमधल्या फरकाने ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. दोन्ही एकाच बोर्डावर लावल्याने ती बहुधा जाते. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तिचा ओलावा जातो आणि अर्थिंग कमजोर होते. खड्ड्यात पाणी घालत राहणे हा जुना, खात्रीचा उपाय.

घुमणे थांबवायला अनेक जण प्लगची अर्थिंगची जाड पिनच काढून टाकतात. आवाज थांबतोही, पण सेटमध्ये गळती झाली तर विजेचा झटका थेट माइक धरणाऱ्याला बसतो. ती पिन कधीही काढू नये.