गृध्रसी आणि माणसाची चाल : निदानाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पुरावा

प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांत 'सायटिका' हा शब्द आता मराठीच झाला आहे. कंबरेतून निघालेली कळ नितंबावाटे मांडीच्या मागून पोटरीपर्यंत आणि पुढे पावलापर्यंत उतरली की रुग्ण स्वतःच हे नाव घेऊन दवाखान्यात येतो. घाटकोपर-मुलुंडकडील गुजराती भाषक कुटुंबांत यालाच 'रांझण' म्हणतात. युनानी हकीम 'इर्क-उन-निसा' म्हणतात आणि वैद्य 'गृध्रसी' म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने नाव हाही एक पुरावाच असतो. ग्रीक भाषेत नितंबसंधीला जो शब्द होता त्यावरून 'सायटिका' हे नाव आले, म्हणजे युरोपने व्याधीचे स्थान पाहिले. 'गृध्रसी' या संज्ञेत गृध्र, म्हणजे गिधाड, आहे. या नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. तथापि रुग्णाची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव पडले, असे एक परंपरागत स्पष्टीकरण आहे. जमिनीवर उतरलेले गिधाड अंग एका बाजूस झुकवून, अडखळत पावले टाकते हे ज्याने पाहिले आहे त्याला हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे.

ही व्याधी दीर्घकाळ रुग्णाच्या हालचालीवरून ओळखली जात होती, विसाव्या शतकात निदानाचे लक्ष कण्याच्या चित्राकडे वळले आणि त्या ओघात रुग्ण किती व कसा चालतो ही बाब कागदपत्रांतून बाहेर पडली, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, इतिहासाचा अध्यापक आहे. त्यामुळे उपचारांची चर्चा येथे केलेली नाही.

संहितांतील वर्णन

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वातव्याधींच्या अध्यायात गृध्रसीचा उल्लेख आहे. वेदनेचा मार्ग तेथे क्रमाने दिला आहे : आधी स्फिक् म्हणजे नितंब, मग कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल. ताठरपणा, वेदना, टोचणी आणि वारंवार होणारे स्फुरण ही लक्षणे सांगून वातज आणि वातकफज असे दोन प्रकार केले आहेत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील वर्णन वेगळ्या दिशेने जाते. टाच आणि पायाची बोटे यांच्याशी संबंधित कंडरा वाताने पीडित झाल्यामुळे पाय पुढे टाकण्यास अडथळा येतो, हे तेथे व्याधीचे लक्षण ठरते. चरकांनी वेदना कोठे जाते ते सांगितले, तर सुश्रुतांनी पाय काय करू शकत नाही ते सांगितले. सुश्रुतसंहितेत त्याच ठिकाणी खंज, पंगू आणि कलायखंज या विकारांची वर्णने येतात. कलायखंजाचा रुग्ण चालू लागताना थरथरतो आणि लंगडल्यासारखा जातो, असे म्हटले आहे. एका पायाने लंगडणारा, दोन्ही पायांनी असमर्थ झालेला आणि चालण्याच्या आरंभी कापणारा असा भेद करणाऱ्या निरीक्षकाने माणसांना चालताना बारकाईने पाहिले असले पाहिजे.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. उताण्या झोपलेल्या रुग्णाचा पाय सरळ ठेवून वर उचलण्याची जी चाचणी आज सर्वत्र केली जाते, ती सुश्रुतांना ठाऊक होती असे उत्साहाने सांगणारे लेखन अधूनमधून वाचनात येते. संहितेत चाचणी नाही, वर्णन आहे. वर्णनाला चाचणीचा मान देण्याने वर्णनाचे स्वतःचे मोल कमी होते.

या ग्रंथांचा मुंबईशी असलेला संबंधही नोंदवला पाहिजे. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली सुश्रुतसंहिता डल्हणाच्या टीकेसह १९१५ मध्ये, तर चरकसंहिता चक्रपाणिदत्ताच्या टीकेसह १९४१ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाली. आजही अभ्यासक प्रायः याच पाठांचा आधार घेतात.

नेपल्स, पॅरिस, बोस्टन

नेपल्सचे वैद्य दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये या व्याधीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि सांध्याच्या दुखण्यापासून मज्जातंतूचे दुखणे वेगळे केले. पुढे शंभर वर्षांनी, १८६४ मध्ये, पॅरिसचे शार्ल लासेग यांनी सायटिकेवर निबंध लिहिला. वर उल्लेखिलेली चाचणी त्यांच्या नावाने ओळखली जाते. परंतु त्या निबंधात ती नाही. त्यांचे शिष्य फोर्स्ट यांनी १८८१ च्या प्रबंधात ती वर्णिली. त्याच्या आदल्याच वर्षी सर्बियाचे डॉक्टर लाझा लाझारेविच यांनीही ती मांडली होती. लाझारेविच हे त्यांच्या भाषेतील नामवंत कथाकार होते. निरीक्षणाची सवय दोन्हीकडे उपयोगी पडली असावी.

या चाचणीने एक बदल घडवला. रुग्ण आडवा झाला. उभा राहून चार पावले चालून दाखवणारा माणूस आता तपासणीच्या मंचावर निजू लागला. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी मणक्यांमधील चकती फाटून मज्जातंतूच्या मुळावर दाब येतो हे शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांच्या आधारे दाखवून दिले. हा शोध निःसंशय मोठा होता. त्यानंतर 'चकती सरकली' हे व्याधीचे जणू दुसरे नाव झाले. चुंबकीय प्रतिमांचे तंत्र आल्यावर चकती प्रत्यक्ष दिसू लागली आणि रुग्णाच्या हातात मोठे पाकीट आले.

मात्र चित्र आणि चाल यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींच्या कण्याच्या प्रतिमा तपासल्या गेल्या. त्यांपैकी ५२ टक्क्यांच्या किमान एका चकतीला फुगवटा आढळला. म्हणजे चित्रात दोष असूनही माणूस व्यवस्थित चालत असतो. उलट, ज्याला चालवत नाही त्याचे चित्र फारसे बोलत नाही असेही घडते, आणि मग 'रिपोर्टमध्ये विशेष काही नाही' या वाक्यापुढे त्याला स्वतःच्या दुखण्याची साक्ष द्यावी लागते.

चाल पाहण्याची परंपरा अगदीच खंडित झाली असे म्हणता येणार नाही. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५२ मध्ये भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले. पोलिओग्रस्त मुलांची गरज हे त्यामागील प्रमुख कारण होते. तेथून पुढे मुंबईत भौतिकोपचारतज्ज्ञांनी चाल वाचण्याचे काम सांभाळले. रुग्ण दुखऱ्या पायावर क्षणभरच भार देतो, त्यामुळे त्याची दोन पावले असमान होतात. गुडघा किंचित वाकवून तो टाच अधांतरी ठेवतो, कारण पाय सरळ झाला की तंतू ताणला जातो. धड एका बाजूस कलते. पाचव्या कटितंतूच्या मुळावर दाब असेल तर पावलाचा पुढचा भाग उचलत नाही. आपल्याकडे याची पहिली खूण बहुधा पायातून निसटणारी चप्पल असते. त्याच्या खालचे मूळ बाधित असेल तर चवड्यावर उभे राहता येत नाही.

उपनगरातील अंतर

अंधेरी आणि भांडुपपर्यंतचा भाग १९५० मध्ये आणि बोरिवली, मुलुंड हा त्यापुढील भाग १९५७ मध्ये बृहन्मुंबईच्या महापालिकेत आला. बोरिवलीपर्यंत विजेची गाडी १९२८ पासूनच धावत होती. वस्ती स्थानकापासून दूरदूर पसरत गेली तसे घर ते फलाट हे अंतर पायांवर आले, आणि मध्ये पुलाचे जिने आले. चकतीच्या दुखण्यात बसणे हे उभे राहण्याहून अधिक त्रासदायक असते. लोकलमधील चौथी सीट, जिथे अर्धे अंग बाकाबाहेर असते, अशा रुग्णाला शिक्षा वाटते. तो दाराशी उभा राहतो आणि शेजारचे त्याला धडधाकट समजतात.

कष्टकऱ्यांच्या बाबतीत कागदपत्रांतील ही उणीव अधिक जाणवते. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांना मंडळाचे संरक्षण दिले. ओझ्याच्या कमाल वजनाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१० मध्ये स्वीकारला. या साऱ्यात गोणीचे वजन नोंदले जाते. ती वाहून नेणारा माणूस किती वर्षांनी कसा चालू लागला याची नोंद शोधूनही सहज हाती लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार असले, तरी गतिविषयक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र कायमस्वरूपी दोषावर बेतलेले आहे. तीन महिने चालता न येणारा आणि चौथ्या महिन्यात बरा होणारा रुग्ण त्यात बसत नाही. बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत सुधारतात, ही वैद्यकीय दृष्टीने समाधानाची बाब आहे. ते आठवडे त्याने कसे काढले हे मात्र कोणत्याच दप्तरात सापडत नाही.

अशा ठिकाणी मौखिक पुराव्याकडे वळावे लागते. मुलुंड पश्चिमेस राहणारे एक निवृत्त ज्येष्ठ सहकारी प्रस्तुत लेखकाशी बोलताना स्थानक ते घर या रस्त्याचे वर्णन थांब्यांनी करतात. पूर्वी एकही थांबा नव्हता. मग औषधाच्या दुकानाचा कट्टा आला, नंतर बँकेची पायरी आणि त्यानंतर शाळेच्या भिंतीलगतचे कठडे. त्यांच्या व्याधीत कण्याची नलिका अरुंद झाली आहे. डच शल्यविशारद फेर्बीस्ट यांनी १९५४ मध्ये या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. काही अंतर चालल्यावर पाय भरून येतात, पुढे वाकले की सुटतात. त्यामुळे सरांना कठडा लागतो, आणि बाजारातून येताना चाकांच्या पिशवीवर ओणवे होऊन ते बरेच लांब जाऊ शकतात. डॉक्टरांनी त्यांना विचारले होते, "किती चालता?" सरांनी मीटर सांगितले नाहीत, "बँकेपर्यंत," असे सांगितले. डॉक्टरांनी केसपेपरवर तेच लिहून घेतले. पदपथाच्या कामात शाळेलगतचे कठडे निघाले तेव्हापासून सर स्थानकावरून रिक्षाने येतात.