झडती, अनुयोग आणि अर्धसमास

सरकारी कार्यालयात लेखापरीक्षकांचे पथक येऊन बसले की एक विशिष्ट प्रकारचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरू लागतो. त्याच्या अर्ध्या भागात लेखापरीक्षकाचा प्रश्न असतो. उरलेला अर्धा भाग उत्तरासाठी कोरा सोडलेला असतो. कार्यालयीन मराठीत त्याला 'अर्धसमास पत्र' म्हणतात. व्याकरण शिकवणाऱ्याला हा शब्द प्रथम चकवतो, कारण समास म्हटले की आपल्याला द्वंद्व आणि बहुव्रीही आठवणार. येथे मात्र तो पानाच्या कडेला सोडलेल्या जागेचा आहे. (प्रश्न आणि उत्तर एकाच पानावर नांदतात, तेव्हा द्वंद्वही अगदीच चूक ठरू नये.)

हिशेबतपासणीचा इतिहास बहुधा आकड्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तो प्रश्नांचा इतिहास म्हणूनही वाचता येतो. कोणी विचारायचे, कसे विचारायचे आणि विचारणाऱ्याला कोण विचारणार, हे त्यातले पेच फार जुने आहेत. 'ऑडिट' या शब्दाच्या मुळाशी 'ऐकणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. हिशेब वाचून दाखवले जात आणि तपासणारा ते ऐके.

आपल्याकडे या विद्येची तपशीलवार मांडणी कौटिलीय 'अर्थशास्त्रा'च्या दुसऱ्या अधिकरणात सापडते. अपहाराचे चाळीस प्रकार सांगणारा त्यातला भाग सर्वांना ठाऊक असतो. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच्या आसपासची सूत्रे अधिक मोलाची आहेत. आषाढात हिशेबनीसांनी मोहोरबंद वह्या आणि शिल्लक घेऊन हजर व्हायचे आणि तेथे त्यांना आपापसात बोलू द्यायचे नाही. अपहाराचा संशय आला, तर पैसा ठेवणारा, नोंदणारा, घेणारा, देणारा, देववणारा अशा प्रत्येकाला वेगवेगळे गाठून विचारायचे. या विचारण्यासाठी ग्रंथकार 'अनु' उपसर्गासह 'युज्' धातू वापरतो. अनुयोग म्हणजे चौकशी, पण त्यात मागोमाग जाण्याची छटा आहे. एका उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो. खोटे बोलणाऱ्याला मूळ अपराध्याइतकाच दंड आहे. एवढ्यावर न थांबता, या अधिकाऱ्यामुळे ज्याचे नुकसान झाले असेल त्याने पुढे येऊन सांगावे, अशी दवंडी पिटवायलाही ग्रंथकार सांगतो. दप्तराबाहेरच्या माणसाला साक्षीला बोलावणारी ही तरतूद मला सर्वांत आधुनिक वाटते.

मराठी राज्यात याच कामाला 'झडती' हा शब्द होता. आज आपण तो पोलिसांच्या हवाली केला आहे, किंवा विश्वास पाटलांच्या कादंबरीमुळे 'झाडाझडती' म्हणून ओळखतो. पेशवे दप्तरात मात्र झडती म्हणजे तपासून पुरा केलेला हिशेब. मामलेदारावर लक्ष ठेवायला दिवाण, मुजुमदार, फडणीस असे दरखदार असत. मामलेदाराला त्यांना काढून टाकण्याचा अधिकार नसे आणि गैरव्यवहार दिसल्यास तो हुजुरास कळवणे हे त्यांचे कर्तव्य होते. तपासणारा तपासल्या जाणाऱ्याचा चाकर असू नये, हे तत्त्व येथे शब्दात न सांगता व्यवहारात आणलेले दिसते.

ते तत्त्व कसे पोखरले गेले, याची हकिगत एल्फिन्स्टनच्या १८१९च्या अहवालात आहे. मामलेदार 'दरबारखर्च' किंवा 'अंतस्थ' नावाची जादा रक्कम रयतेकडून वसूल करीत. दरबारातले कारभारी आणि हिशेब तपासणारे यांना खूश ठेवण्यासाठी ती असे. हळूहळू या लाचेचा ठरीव दस्तूर झाला आणि तिचाही हिशेब इतर रकमांप्रमाणे रीतसर तपासला जाऊ लागला! मग खऱ्या लाचेसाठी आणखी एक वाढीव वसुली सुरू झाली. या नाजूक रकमेबाबत तपासनिसाला खोलात जाऊन विचारता येत नसे, म्हणून तिचा मोठा वाटा मामलेदार स्वतःच ठेवून घेई. एल्फिन्स्टन जेता होता, त्याचा शब्द पारखूनच घ्यायला हवा, हे खरे. तरीही या वर्णनातला तर्क नाकारता येत नाही. या तपासनिसांना प्रश्न येत नव्हते असे नाही. विचारल्यास स्वतःचेच नाव उत्तरात येईल, ही त्यांची अडचण होती.

इंग्रजी अमलात १८६० साली एडमंड ड्रमंड हे पहिले महालेखापरीक्षक झाले आणि तपासणीची घडी केंद्रातून बसवली गेली. पण प्रश्नकर्त्याच्या स्वातंत्र्याचा मुद्दा स्पष्टपणे मांडला तो डॉ. आंबेडकरांनी. मे १९४९ मध्ये संविधान सभेत बोलताना त्यांनी नियंत्रक व महालेखापरीक्षक हा संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले. न्यायसंस्थेपेक्षाही अधिक स्वातंत्र्य त्याला हवे, पण आपण तेवढेही दिलेले नाही, ही खंतही त्यांनी नोंदवली. आपला कर्मचारीवर्ग स्वतः नेमण्याचा अधिकार त्याला नाही, याकडे त्यांचा रोख होता.

पुढे १९७१च्या अधिनियमाच्या कलम १८ने कार्यालयप्रमुखाला आवश्यक ते प्रश्न विचारण्याचा अधिकार या यंत्रणेला स्पष्ट शब्दांत दिला. उत्तर शक्य तितके पूर्ण आणि वाजवी तत्परतेने द्यावे, असेही त्यात आहे. न दिल्यास काय? त्या कलमात दंड नाही. कौटिल्य येथे नक्कीच भुवया उंचावेल.

दंड नसताना सारी भिस्त प्रश्नाच्या घडणीवर येते, आणि प्रशिक्षणाचा खरा विषय येथे सुरू होतो. सिमल्यात १९५० पासून या सेवेतील अधिकाऱ्यांना घडवले जाते. खालच्या पायऱ्यांवर मात्र ही विद्या पुष्कळदा ज्येष्ठाच्या शेजारी बसूनच शिकावी लागते. 'निविदा नियमानुसार काढली होती का?' असे अर्धसमासावर लिहिले की कोऱ्या भागात 'होय' येते आणि अनुयोग तेथेच संपतो. 'निविदा कोणत्या तारखेस, कोणत्या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली? कात्रण जोडावे,' या प्रश्नाला 'होय' हे उत्तर होऊ शकत नाही. मौखिक परीक्षा घेणाऱ्या आपल्यासारख्यांना हा फरक नवा नाही. पण न विचारलेल्या प्रश्नाचा जाब कोण घेणार? विचारलेला प्रश्न कागदावर राहतो. टाळलेल्या प्रश्नाचे अर्धसमास पत्रच नसते. ते दप्तरात शोधून सापडणार नाही.

त्याचे एक उत्तर दप्तराबाहेरून आले. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना येथे जनसुनावणी घेतली. सरकारी कामांची हजेरीपत्रके आणि बिले गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली. कागदावर कोणाच्या नावे किती दिवसांची मजुरी पडली आहे हे कानावर आले, तेव्हा ज्यांची ती नावे होती तीच माणसे समोर बसलेली होती. पुढे २००५च्या रोजगार हमी कायद्याने सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेकडे सोपवले. हिशेब पुन्हा वाचून दाखवला जाऊ लागला, आणि ऐकणाऱ्यांत ती मजुरी कधीच हातात न पडलेली माणसेही होती.